भुयार बुजवू नका आणि खणूही नका: देवस्थानांच्या विश्वस्तांना खुलं पत्र

प्रति,
सातारा जिल्ह्यातल्या देवस्थानांचे विश्वस्त, यात्रा कमिटीची मंडळी, गुरव आणि पुजारी यांस,

सप्रेम नमस्कार.

दिवाळी उलटली की गावोगावी जीर्णोद्धाराच्या बैठका सुरू होतात. वर्गणीची पावतीपुस्तकं छापली जातात, मुंबई-पुण्याला नोकरीत असलेली मुलं पैसे पाठवतात, यात्रेच्या आत काम उरकायचं ठरतं. गावाची श्रद्धा त्या कामात असते आणि तिच्याबद्दल मला आदरच आहे. पण जुन्या देवळात काम निघालं की कधी ना कधी गाभाऱ्याशेजारच्या तळघराचा, ओवरीतल्या भुयाराचा, डोंगराच्या पोटातल्या खोलीचा विषय निघतो. मग बैठकीत दोनच सूर उमटतात. एक म्हणतो, ‘पोरंबाळं पडायची, साप-विंचू निघायचे, स्लॅब टाकून बंद करून टाका.’ दुसरा हळूच म्हणतो, ‘आत काहीतरी आहे म्हणतात, एकदा खणून बघूया.’

माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे की यातलं काहीच करू नका. बुजवू नका आणि खणूही नका. आधी मोजा, नकाशा काढा, फोटो घ्या, आणि त्या जागेबद्दल गावात जे सांगितलं जातं ते लिहून ठेवा. एवढ्यासाठीच हे पत्र.

मी साताऱ्यात राहतो. बांधकामाच्या नकाशांवर माझी नोकरी गेली. आरेखकाचं काम, म्हणजे जागेवर टेप धरायचा आणि कागदावर रेघ ओढायची. निवृत्तीनंतर तोच टेप घेऊन जुन्या देवळांची मापं घेत फिरतो. कोणत्या संस्थेचा माणूस नाही, कुणाचं पद माझ्याकडे नाही.

एका गावचं भुयार मी पाहिलं होतं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथली मंडळी भली आहेत आणि त्यांनी जे केलं ते चांगल्या हेतूनंच केलं. गाभाऱ्याच्या डाव्या अंगाला, एक माणूस वाकून जेमतेम शिरेल एवढं तोंड. पहिल्या पायरीचा मधला भाग पावलांनी झिजून खोलगट झालेला, म्हणजे तिथं कधीकाळी रोजची ये-जा होती. खाली उतरल्यावर उजव्या हाताला दिवळी, तिच्या वरचा दगड काजळीनं काळा पडलेला. बोट फिरवलं तर अजून काळं लागायचं. भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीला पांढरट रेघ होती. दर पावसाळ्यात पाणी कुठवर चढतं ते त्या रेघेवरून कळत होतं. छिन्नीचे घाव सगळे एकाच बाजूला तिरके होते. पुढच्या खोलीच्या शेवटाला मात्र घाव उथळ होत गेले होते आणि मग नुसतेच टोचे राहिले होते. हात लावून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. तिथवर मांजऱ्या खडक होता, पोकळ्या असलेला, पोखरायला सोपा. तिथून पुढं काळा पाषाण लागला होता. कोरणाऱ्यानं प्रयत्न केला, छिन्नी बोथटली असेल, आणि त्यानं हात थांबवला. किती शतकांपूर्वीच्या एका कारागिराचा तो निर्णय माझ्या बोटाखाली होता.

वर आलो तर गुरवांच्या आजी पायरीवर बसलेल्या. म्हणाल्या, ‘लांब गेला न्हाईत न्हवं? हितनं थेट अजिंक्यताऱ्यावर निघतंय ते. आमच्या सासऱ्यांनी सांगितल्यालं.’

यात्रा तोंडावर होती. आतल्या खोलीची मापं यात्रेनंतर घ्यावीत असं कमिटीशी ठरलं. मी पुन्हा गेलो तेव्हा त्या तोंडावर सिमेंटचा स्लॅब होता, वर चकचकीत फरशी, फरशीवर देणगीदारांची संगमरवरी पाटी. आजीही तोवर गेल्या होत्या. त्या दिवळीचं, त्या रेघेचं, त्या अर्धवट घावांचं आज कुठेही कागदावर काही नाही. आजींनी सांगितलेली सासऱ्यांची गोष्टही कुणी लिहून घेतलेली नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वर्षात गेल्या, याचं मला फार वाईट वाटतं.

दंतकथांबद्दल मला आधी बोलायचं आहे, कारण शिकलेली माणसं त्यांना हसतात आणि मग गावची माणसं सांगायची बंद होतात. मी हसत नाही. साताऱ्याच्या आसपास ऐकाल तर भुयार अजिंक्यताऱ्यावर निघतं. वाईकडे पांडवगडावर किंवा वैराटगडावर निघतं. कराडकडे गेलात तर सदाशिवगड, वसंतगड. म्हणजे जो किल्ला गावातून दिसतो, ज्याच्या छायेत गाव नांदलं, तिकडेच वाट जाते. त्या गोष्टींत पुन्हापुन्हा येणारे प्रसंग आहेत. कुंडात टाकलेलं लिंबू चार कोसांवरच्या नदीत निघालं. सनईवाल्याला आत पाठवलं, वरून लोक सुराच्या मागं चालत राहिले, एका ठिकाणी सूर थांबला, तो माणूस परत आला नाही. शत्रू आला तेव्हा पुजाऱ्यानं देव आत नेला आणि तोंडाशी दगड लावला.

माझा अंदाज असा की या गोष्टींच्या तळाशी खऱ्या आठवणी आहेत. १६९९ च्या डिसेंबरात औरंगजेबानं साताऱ्याच्या किल्ल्याला, म्हणजे याच अजिंक्यताऱ्याला, वेढा घातला. प्रयागजी प्रभू किल्ला लढवत होते. मोगलांनी तटाखाली सुरुंग खणायला घेतले, म्हणजे खरोखरच डोंगराच्या पोटात माणसं शिरली, दारू ठासली गेली. एप्रिल १७०० मध्ये सुरुंग उडाले. एकानं तट आत कोसळला आणि त्याखाली किल्ल्यातली माणसं गाडली गेली. प्रयागजी प्रभू त्या ढिगाऱ्यातून जिवंत निघाले असं सांगतात. दुसऱ्यानं तट बाहेरच्या बाजूला फुटला आणि चाल करून येण्यासाठी उभ्या असलेल्या मोगल फौजेवरच कोसळला. शेकडो माणसं मेली. त्याआधी मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले होते. सुरुंग उडाल्यावर थोड्याच दिवसांत किल्ला मोगलांच्या हाती गेला. ज्या मुलखानं जमिनीखालून आलेलं असं मरण पाहिलं, त्या मुलखात भुयाराच्या गोष्टी पिढ्यानपिढ्या राहणारच. सनईचा सूर कुठं थांबला, त्या जागेचं नाव काय, हे गावच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. पुष्कळदा ती जागा म्हणजे जुनी वेस असते, बुजलेली विहीर असते, मोडलेलं टाकं असतं. गोष्टीत वाट खोटी असेल, पण तिच्यातली ठिकाणं बहुधा खरी निघतात. म्हणून ती गोष्ट सांगणाऱ्याच्या शब्दांत, त्याच्या नावगावासह, मोबाईलवर का होईना, रेकॉर्ड करून ठेवा.

आता नकाशेवाला म्हणून दोन शब्द. डोंगरातल्या देवळापासून दहा-बारा किलोमीटर दूरच्या किल्ल्यापर्यंत भुयार न्यायचं तर ते आधी डोंगराच्या उंचीवरून सपाटीच्या खाली उतरवावं लागेल. आपल्याकडे सपाटीवर विहिरीला किती हातांवर पाणी लागतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्या पाण्याच्या पातळीखालून गेलेली वाट पहिल्याच पावसाळ्यात भरून जाईल. शिवाय सह्याद्रीचा हा दगड थराथरांचा आहे. लाव्हाचे थर एकावर एक बसलेले, मधे कुठे पोकळ्यांचा मऊ थर, कुठे लाल मातीचा पट्टा, कुठे अखंड काळा पाषाण. कोरणारे बहुधा मऊ थर धरून आडवे जात. म्हणून लेणी एका ओळीत दिसतात. आणि आतल्या हवेचं काय? बंद जागेत खोलवर गेलं की कंदील मिणमिणायला लागतो, मग विझतो. ‘देव पुढं येऊ देत नाही’ असं आपली माणसं म्हणतात. तिथं प्राणवायू कमी पडलेला असतो आणि जड वायू तळाशी साचलेला असतो. विझलेला दिवा पाहून मागं फिरायची रीत ज्यांनी घातली त्यांनी पुष्कळ जीव वाचवले आहेत. ती रीत पाळा. दोरी आणि बाहेर थांबलेला माणूस असल्याशिवाय कुणीही अनोळखी भुयारात उतरू नये, मीसुद्धा उतरत नाही.

भुयार किल्ल्यावर जात नाही, तर मग ते कशासाठी कोरलं होतं? आपल्या जिल्ह्यात याची इतकी उत्तरं हाताशी आहेत की दुसरीकडे जायची गरज नाही.

सज्जनगडावर जा. १६७३ मध्ये हा किल्ला शिवाजी महाराजांकडे आला, पुढं समर्थ इथं राहायला आले. शके १६०३ च्या माघ वद्य नवमीला त्यांनी देह ठेवला. आज आपण राममंदिरात दर्शन घेतो आणि मग पायऱ्यांनी खाली उतरून समाधीपाशी जातो. समाधी आपोआप वर आली अशी परंपरा आहे, आणि ती सांगताना आजही माणसांचा आवाज बदलतो. वर राम, खाली समर्थ, ही रचना इतकी ओळखीची आहे की ते भुयार आहे हे कुणाच्या मनातही येत नाही. गोंदवल्यालाही असंच आहे. ब्रह्मचैतन्य महाराजांनी २२ डिसेंबर १९१३ ला देह ठेवला. त्यांची समाधी खाली आणि वर गोपाळकृष्ण. ही दोन्ही भुयारं स्वच्छ आहेत, उजेडाची आहेत, रोज हजारो माणसं तिथं उतरतात. कारण तिथं काय आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. सोनं पुरलंय का, असं तिथं कुणी विचारत नाही.

कराडजवळच्या आगाशिवाच्या डोंगरात साठाहून जास्त बौद्ध लेणी आहेत, इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतली. भिक्खूंना पावसाळ्यात राहायला जागा, झोपायला दगडी ओटा, बाहेर पाण्याची पोढी. तिथल्या एका लेखात गोपालाचा मुलगा संघमित्र यानं लेणं दान दिल्याचं कोरलेलं आहे. राजाचं नाव नाही, लढाईचं नाही. एका माणसानं बापाचं नाव लावून एक खोली दिली, आणि ते नाव आपण आजही वाचू शकतो. पलीकडे सांगली जिल्ह्यात मिरजेजवळ दंडोबाच्या डोंगरात देवळाचा गाभाराच कातळात आहे. कुंडलच्या डोंगरात झरी पार्श्वनाथाचं लेणं आहे, पाणी झिरपतं म्हणून झरी. तिथल्या मंडळींनाही हे पत्र वाचायला मिळालं तर बरं होईल.

पण मला सगळ्यात जास्त थांबावंसं वाटतं ते पाटेश्वरला. साताऱ्याहून देगावच्या डोंगरावर, पायऱ्या चढून. वाटेत गणपती, मग पुष्करणी, मग मुख्य देऊळ. या बांधकामाशी अठराव्या शतकातले परशुराम नारायण अनगळ यांचं नाव जोडलेलं आहे. देवळाच्या आसपास कातळात कोरलेल्या खोल्या आहेत, मठ आहेत, वऱ्हाडघर नावाचं लेणं आहे. आत शिरलं की डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो आणि मग एकेक पिंडी दिसायला लागते. लहान, मोठ्या, रांगेनं मांडलेल्या, एका मोठ्या लिंगाच्या अंगावर शेकडो बारीक लिंगं कोरलेली. इतक्या तऱ्हांची शिवलिंगं एका ठिकाणी मी दुसरीकडे पाहिलेली नाहीत. तिथंच अग्निवृषाची मूर्ती आहे. चार शिंगं, तीन पाय, दोन तोंडं, सात हात. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलात असं वर्णन येतं, आणि कुणा शिल्पकारानं ते शब्द जसेच्या तसे दगडात उतरवले. वेदातली ओळ ऐकलेला माणूस आणि छिन्नी धरणारा माणूस एका खोलीत बसून बोलले असतील, एकानं सांगितलं असेल, दुसऱ्यानं विचारलं असेल, ‘सात हात बसवायचे कुठं?’ हे चित्र माझ्या डोक्यातून जात नाही. तिथं गेलात तर सावकाश बघा. पिंडींवर तेल, शेंदूर, रंग काही लावू नका. कातळाला हात लावला तरी चालेल, खडूनं नाव मात्र लिहू नका.

देवाचं नसलेलं एक उदाहरणही सांगतो, कारण त्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. लिंब गावाजवळची बारा मोटांची विहीर तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. पायऱ्या उतरून खाली गेलं की कमानी, वर बसायचा महाल, चोरवाट. परक्या माणसाला उभं केलं तर तो हमखास सांगेल की इथून कुठंतरी भुयार जातं. पण तिथं शिलालेख आहे. विरूबाईंनी शके १६४१ ते १६४६ या काळात विहीर बांधली असं तो सांगतो. मोटा कुठं लागत, पाणी कुठून पाटात पडे, हे मोटेचं पाणी ओतायच्या थारोळ्यांवरून दिसतं. जागेनं स्वतःबद्दल लिहून ठेवलं, म्हणून तिच्याबद्दल भलतंच बोलायला वाव राहिला नाही. तुमच्या भुयारापाशी शिलालेख नसेल. तो आता तुम्ही लिहायचा आहे, कागदावर.

खजिन्याबद्दल लिहिताना माझा हात जड होतो. भुयार म्हटलं की गुप्तधन, आणि गुप्तधन म्हटलं की अमावस्या, लिंबू, कुंकू, कोंबडा, मांत्रिक. पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या, माणसाला जमिनीखालचं दिसतं म्हणून पायाळू पोरांना शोधत फिरणारी माणसं आपल्याकडे होती आणि अजून आहेत. डोळ्यांत अंजन घालून पोराला रात्री उकरलेल्या खड्ड्याच्या काठावर बसवायचं, ही कल्पनाच सहन होत नाही. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी आयुष्य वेचलं तो जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या खुनानंतर २०१३ मध्ये आला. गुप्तधनाच्या नावाखाली अघोरी, अमानुष कृत्य करणं हा त्यात गुन्हा आहे. आणि साध्या कुदळीनं खणलं तरी प्रश्न सुटत नाही. १८७८ पासून एक कायदा आहे: जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. लपवलं तर शिक्षा आहे. ‘देवाचं ते देवाला’ असं म्हणून कमिटीनं आपसात मिटवायचा हा विषय नाही.

खणणाऱ्यांच्या हाती लागतं काय, तर फुटलेली पायरी, उलटवलेला नंदी, जोत्याखालून निघालेला दगड. आणि जोतं एकदा हललं की चार पावसाळ्यांत भिंत कलते.

बाहेरच्या दोन-तीन ठिकाणांची नावं हल्ली सगळ्यांच्या तोंडी आहेत, म्हणून त्यांचंही सांगतो. तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिराखालची दालनं २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं उघडली. त्यातलं ‘ब’ दालन उघडलं नाही. नागबंधनाची, म्हणजे मंत्रानं नागाच्या पहाऱ्यात दार बंद केल्याची, गोष्ट तेव्हापासून आपल्या गावांतही पोचली आहे. आमच्या दारावरपण तसाच नाग आहे असं मला ठिकठिकाणी सांगतात. पण माजी महालेखापरीक्षक विनोद राय यांनी न्यायालयाला दिलेल्या अहवालात हे दालन १९९० पासून अनेकदा उघडलं गेल्याचं म्हटलं होतं. नोंदी चाळल्यावर गोष्ट अशी बदलते. ते दालन उघडायचं की नाही हे मंदिराच्या समितीच्या निर्णयावर आहे, आणि तसंच असू द्यावं.

पुरीच्या जगन्नाथाचं रत्नभांडार १४ जुलै २०२४ ला उघडलं, शेवटची मोजदाद १९७८ मध्ये झाली होती. आत नाग आहेत अशी इतकी पक्की समजूत होती की सर्पमित्र तयार ठेवले होते. नाग निघाला नाही. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. आणखी गुप्त खोल्या आहेत का हे पाहायला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं फरशी उखडली नाही. जमिनीत रडारच्या लहरी सोडून तपासणी केली. म्हणजे एवढ्या मोठ्या क्षेत्रातही आधी मापन, मग बाकीचं.

आणि आपलं पंढरपूर. मे २०२४ च्या अखेरीस विठ्ठल मंदिरात संवर्धनाचं काम चालू असताना फरशीखाली तळघर सापडलं. विष्णूच्या मूर्ती, महिषासुरमर्दिनी, पादुका, जुनी नाणी निघाली. त्या दोन दिवसांत एसटीत, हॉटेलात, चावडीवर ‘सोनं किती?’ हाच प्रश्न मी ऐकला. पण पंढरीच्या माणसाला त्या तळघराचा अर्थ वेगळा लागतो. अफझलखानाच्या स्वारीपासून औरंगजेबापर्यंत संकट आलं की विठ्ठलाची मूर्ती हलवायची, आसपासच्या गावांत लपवायची, ही तिथली आठवण आहे. कुणीतरी घाईघाईनं, कदाचित रात्रीच्या रात्री, हातात मावेल ते देव खाली ठेवले आणि वर दगड सरकवला. पुन्हा काढायला तो माणूस आला नाही. त्या मूर्ती कशा क्रमानं ठेवल्या होत्या, कुठल्या कोपऱ्यात काय होतं, यावरूनच त्याची धावपळ आपल्याला कळू शकते. तज्ज्ञांच्या हातानं, नोंद करत त्या बाहेर आल्या म्हणून. कुणी उत्साहानं उचलून ओट्यावर मांडल्या असत्या तर मूर्ती राहिल्या असत्या, पण ती रात्र गेली असती.

तुमच्या तळघरातही असंच काही असेल, किंवा नुसती रिकामी दिवळी असेल. दोन्हींची नोंद व्हायला हवी.

काय करायचं ते सांगतो. फार खर्चाचं काम नाही. गावातला कुणी सिव्हिल डिप्लोमा झालेला मुलगा घ्या. टेप, ओळंबा, गवंड्याची लेव्हल पाईप आणि चांगली बॅटरी पुरते. तोंडाची रुंदी-उंची, पायऱ्या किती, प्रत्येक खोलीच्या चारी भिंती आणि दोन्ही कर्ण. कर्ण मोजायला विसरू नका, जुन्या खोल्या काटकोनात नसतात आणि त्याशिवाय नकाशा जुळत नाही. दिवळ्या, कोनाडे, खुणा, पाण्याच्या रेघा कुठं आहेत ते नकाशावर दाखवा. फोटो काढताना शेजारी मापाची पट्टी ठेवा. कुठं अक्षरं दिसली तर घासू नका, खडू-कोळसा भरू नका, चुना तर अजिबात नको. तिरका उजेड टाकून फोटो घ्या आणि राज्य पुरातत्त्व विभागाला कळवा. देऊळ संरक्षित स्मारक असेल तर परवानगीशिवाय वीटसुद्धा हलवता येत नाही हे तुम्हाला ठाऊक असेलच. आपल्याकडची बहुतेक गावदेवळं मात्र कुठल्याच यादीत नाहीत. त्यांना तुमच्याशिवाय दुसरा राखणदार नाही, आणि म्हणूनच हे पत्र मी मंत्रालयाला न लिहिता तुम्हाला लिहितो आहे.

विश्वस्त मंडळ नोंदणीकृत असेल तर धर्मादाय कार्यालयात देवस्थानच्या मिळकतीची नोंद असते. त्यात शेतजमीन असते, भांडी असतात, दागिने असतात. तळघर बहुधा नसतं. नकाशा तयार झाला की ठराव करून त्याची एक प्रत दप्तरात लावा, एक ग्रामपंचायतीत, एक शाळेत. शाळेतली प्रत सगळ्यात जास्त टिकते, कारण तिथं ती कुणीतरी भिंतीवर लावतं.

अपघाताची भीती खरी आहे, ती मी उडवून लावत नाही. पण तिच्यावर स्लॅब हे उत्तर नाही. तोंडावर लोखंडी जाळीचं दार बसवा, कुलूप लावा, किल्ली गुरवांकडे ठेवा. हवा खेळती राहील, वटवाघळं येत-जात राहतील, आत ओल कोंडणार नाही. स्लॅबनं हवा बंद झाली की ओल वर चढते आणि गाभाऱ्याच्या भिंतीचा चुना सुटायला लागतो. ज्या देवळांत नवी फरशी घातल्यावर भिंतींना पापुद्रे आले त्यांनी हे आठवून पाहावं. पाणी साचत असेल तर त्याची जुनी वाट शोधा. ज्यानं खोली कोरली त्यानं पाणी जायला जागा बहुधा ठेवलेली असते. मातीनं बुजलेली ती मोरी मोकळी केली तर पंपाची गरज पडत नाही.

एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो आणि तो मी मनापासून समजू शकतो. ‘देवाचं गुपित आहे, ते कागदावर आणलं की त्याचं महत्त्व जाईल.’ सोवळ्याची जागा असेल तर बाहेरच्या माणसानं उतरू नये, हे मान्य. मग पुजाऱ्यांनीच मापं घ्यावीत, मी वर बसून आकडे लिहीन. नकाशा छापायचा नसेल तर छापू नका, दप्तरात ठेवा. पण पुढच्या पिढीच्या गुरवाला आपल्या देवळाखाली काय आहे ते माहीत नसावं, ही पाळी येऊ देऊ नका. ती पाळी पुष्कळ गावांत आलेली आहे. जुनी जाणती माणसं गेली, मुलं एमआयडीसीत लागली, आणि भुयाराची वाट कुठं आहे एवढंच नव्हे तर ते होतं की नाही याबद्दलही आता दोन मतं आहेत.

आणि घरातल्या बायकांना विचारा. कमिटीत त्या नसतात, पण गोष्टी त्यांच्याकडे असतात. कुठल्या दिवशी खाली दिवा लावायचा, कुणाच्या नावानं, कुठल्या पायरीपर्यंत माहेरवाशिणीनं जायचं, हे मला प्रत्येक ठिकाणी एखाद्या आजीनंच सांगितलं आहे. त्या सांगायला लागल्या की मधे बोलू नका.

यंदाच्या जीर्णोद्धाराच्या बैठका सुरू झाल्या आहेत. ठेकेदाराला कामाचं इस्टिमेट देण्याआधी मापं घेऊन ठेवावीत. कुणाला मदत लागली तर मी येतो, टेप आणि ओळंबा माझ्याकडे आहे. माझ्याबरोबर दोन तरुण मित्र असतात, एक फोटो काढतो, एक बोलणं रेकॉर्ड करतो. मानधन नको, जेवण गावात होईलच. मात्र आम्हाला फरशी घालायच्या आधी बोलवा.

आपला नम्र,
एक निवृत्त आरेखक, सातारा